दोरी धरणारी

पाणबुड्याच्या बायकोच्या बोटांना काही कळेनासं झालं होतं. ही गोष्ट घरात दोघांनाच ठाऊक होती, तिला आणि त्याला; आणि दोघंही समोरच्याला ती ठाऊक नाही असं धरून चालले होते. अशा घरात भांडणं कमी होतात, पण बाकीचं सगळं अवघड होऊन बसतं.

त्याला ते पाण्याखाली कळलं. धरणाच्या पाण्यात थोडं खाली गेलं की उजेड संपतो. मग हाताला लागेल तेच दिसलं म्हणायचं. पाठीवर सिलिंडर, तोंडात हवेची नळी, कमरेला शिशाच्या वजनांचा पट्टा आणि छातीला बांधलेली दोरी. दोरीचं दुसरं टोक वर, तराफ्यावर बसलेल्या बायकोच्या हातात. एक हिसका म्हणजे ठीक आहे. दोन म्हणजे दोरी सैल सोड. तीन म्हणजे वर ओढ. लग्न झाल्यापासून एवढ्यावर त्यांचा पाण्याखालचा संसार चालला होता. पाण्याबाहेरच्या संसाराला एवढी बडबड कशाला लागते, असं पाणबुड्या अधूनमधून म्हणायचा, आणि बायको म्हणायची, "ऐकून घेत नाही तुम्ही, म्हणून."

मागच्या हिवाळ्यात एकदा त्यानं दोन हिसके दिले. दोरी सैल झाली नाही. पुन्हा दिले, तरी नाही. मग त्यानं खच्चून ओढली तेव्हा कुठं वरून दोरी सुटली. बाईला डुलकी लागली की काय, असं पुटपुटत तो वर आला, तर ती नेहमीसारखी पाण्यावर डोळे रोखून बसलेली. डोळ्यांत झोप नव्हती. दोरीभोवती आवळलेली बोटं मात्र पांढरी पडली होती आणि ती सोडवताना तिनं एका हातानं दुसऱ्या हाताची बोटं उचलली. ते त्यानं पाहिलं आणि तोंड धुवायला वळला.

तेव्हापासून तो हिसके दुप्पट जोरानं द्यायला लागला. बोलला नाही. बोलला असता तर तिनं त्याच दिवशी दोरी खाली ठेवली असती, आणि तिच्या जागी दुसरं कुणी बसलेलं त्याला सोसलं नसतं. शिवाय झाकली मूठ सव्वा लाखाची. तीही थंडीला दोष देत राहिली. चुलीवरचं तापलेलं पातेलं फडक्याशिवाय उतरवायची आणि तळवे लाल झालेले नंतर बघायची. त्याच्या शर्टाला बटणं शिवायला वेळ लागला की म्हणायची, हल्ली बटणंच बारीक काढतात.

मग कानाचं झालं. एकदा तो वर आला तो डाव्या कानातून रक्त घेऊनच. डॉक्टरांनी बत्ती घालून पाहिलं आणि सांगितलं, पडदा गेला, आता पाणी बंद.

"म्हणजे खोल जायचं नाही?" त्यानं विचारलं.

"म्हणजे डोक्यावरून आंघोळही जपून करायची."

घरी आल्यावर तो अंगणातल्या दगडावर बसला. बायको शेजारी येऊन बसली. मुलगी दारात उभी होती. ती म्हणाली, "मग मी जाते."

मुलीला घरात बेडकी म्हणायचे. नाव लहानपणी पडलं आणि मोठेपणी तिनंच ते टिकवलं, कारण काठाजवळच्या उथळ पाण्यात बापानं तिला सिलिंडर लावून शिकवलं तेव्हापासून ती जमिनीवर कमीच रमायची. शिकवताना दोरी बाप धरायचा. त्याच्या तळव्याला दोरीवर माशी बसली तरी कळायचं. म्हणून बेडकीचा हिसका हलका, दोन बोटांचा. तिला वाटायचं, दोरीला असंच बोलायचं असतं. खोल पाण्यात, खऱ्या कामाला, ती अजून गेली नव्हती.

त्या उन्हाळ्यात धरणाचं पाणी फार खाली गेलं. काठ उघडे पडले, चिखलाला भेगा गेल्या, आणि उरल्या पाण्यातलं शेवाळ कुजून पाणी ओढणाऱ्या मनोऱ्याच्या जाळीवर जाऊन बसलं. मनोरा काठापासून आत, पाण्यातच उभा होता. त्याच्या तळाशी लोखंडी जाळी, जाळीतून पाणी आत जाणार आणि नळानं खालच्या गावाला. आता नळाची धार करंगळीएवढी झाली होती. पाणीखात्याचे साहेब स्वतः घरी आले. माणूस वाईट नव्हता, फक्त नियम सांगताना त्याची नजर जमिनीवर असायची.

"मुलगी जाईल, चालेल," साहेब म्हणाले. "दोरीवर बाई असतीलच नेहमीसारख्या. पण तुम्ही..." ते चपलेनं माती सारखी करायला लागले. "पाण्यात उतरायचा तुमचा कागद आता बाद आहे. बाद माणूस तराफ्यावर नको, असं वरून आहे."

"मी नुसता बसेन."

"नुसतंही नको. मनोऱ्याच्या पुलावर उभे राहा. तिथून सगळं दिसतं."

ज्या पाण्यात त्याचं आयुष्य गेलं ते त्याला आता पुलावरून बघायला मिळणार होतं. पाणबुड्या बरं म्हणाला. पण त्याला त्या अपमानापेक्षा दुसरीच गोष्ट जास्त टोचत होती. बेडकीचा हलका हात आणि तिच्या आईची मुकी बोटं एका दोरीच्या दोन टोकांना येणार होती, आणि मध्ये तो नसणार होता. आता सांगायलाच हवं होतं. उद्याच्या आत.

संध्याकाळी बायको ओट्यावर मटार सोलत बसली होती. शेंग फुटायची, पण दाणे बोटांतून निसटून परातीबाहेर उड्या मारायचे आणि ती ते डोळ्यांनी शोधून वेचायची. तो तिच्यासमोर बसला आणि दाणे गोळा करायला लागला.

"अगं," तो म्हणाला.

"काय?"

"उद्या..."

तिनं मान वर केली. सरळ त्याच्या डोळ्यांत पाहिलं. पोरीच्या पहिल्या खोल पाण्याला दोरी आपण धरणार, एवढंच तिच्या तोंडावर होतं. कितीतरी दिवसांत ती अशी दिसली नव्हती.

"उद्या वारा सुटेल बहुतेक," तो म्हणाला.

"सुटू दे. तराफा घट्ट बांधू."

मग तो मुलीकडे गेला. ती मागच्या खोलीत मास्कची काच थुंकी लावून पुसत होती.

"हिसका दणकून द्यायचा उद्या," तो म्हणाला. "चांगला हात मागे नेऊन."

"का? आई काय बहिरी आहे? बहिरे तुम्ही."

"सांगतो ते ऐक."

"तुम्हीच म्हणता ना, दोरी ओरबाडायची नाही, धरणाऱ्याचे हात सोलतात. आईचे हात आधीच बघा कसे झालेत."

 आपलेच दात, आपलेच ओठ. त्यानं तिच्या पट्ट्यातली वजनं उगाच एकदा मोजून पाहिली आणि बाहेर आला. सकाळी सांगू, असं त्यानं स्वतःला बजावलं. भित्र्या माणसाची सकाळ नेहमी दुसऱ्या दिवशी असते, आणि पाण्याला कधी न भ्यालेला हा माणूस बायकोच्या तोंडाला भ्याला.

सकाळी वारा नव्हता. पाणी ताटातल्यासारखं पडून होतं आणि त्याला कुजलेल्या पाल्याचा वास होता. साहेब आले होते, मनोऱ्यातलं मोठं चाक फिरवणारा चाकवाला आला होता. जाळीशी माणूस असताना आतला झडप-दरवाजा बंद ठेवायचा, नाहीतर पाणी माणसालाच जाळीवर चिकटवून ठेवतं. चाकवाल्यानं दरवाजा बंद केला, चाकाला साखळी-कुलूप घातलं आणि किल्ली पाणबुड्याच्या हातात दिली. ही जुनी रीत होती. साहेबांनी ती पाहिली आणि नियमात बसते का ते विचारलं नाही.

खाली तराफ्यावर आई मुलीला तयार करत होती. पट्ट्याचं बक्कल तिच्या बोटांत दोनदा फिरलं आणि निसटलं. "घाबरलीस होय गं?" असं म्हणत बेडकीनं ते स्वतःच लावलं, आणि आईच्या गालाला ओल्या रबरी मोज्यातला हात लावला. आई हसली. पाणबुड्या पुलाच्या कठड्याला धरून हे सगळं बघत होता. आत्ता, आत्ता सांग, असं त्याचं मन म्हणत होतं. पण शेजारी साहेब, चाकवाला आणि खात्याची आणखी दोन माणसं उभी होती. त्यांच्यासमोर, वरून ओरडून, बायकोला काय सांगणार, की तुझे हात मेलेत? तेवढ्यात बेडकी तराफ्यावरून मागे कलली आणि पाण्यानं तिला घेतलं.

पहिला हिसका आई वरून देते. ठीक ना? खालून एक हिसका येतो. ठीक. पाणबुड्यानं पाहिलं, बायकोनं हिसका दिला, थोडी थांबली आणि मान डोलावली. हा पहिला हिसका पोरीनं जरा जोरात दिला असावा, तिला खांद्यापर्यंत जाणवण्याइतका. त्याला जरा बरं वाटलं.

काम सुरू झालं. काळपट शेवाळाचे लोंबते पुंजके एकेक करून वर यायला लागले आणि खात्याची माणसं ते गळानं काठाकडे ओढायला लागली. बुडबुडे जाळीच्या कडेनं हळूहळू सरकत होते. पोर नीट काम करत होती, घाई न करता, एका कोपऱ्याकडून दुसऱ्याकडे. चाकवाला म्हणाला, "हात बापाचाच आहे हो." पाणबुड्यानं उजवा कान वळवून ते पुन्हा म्हणायला लावलं, ऐकू आलं होतं तरी.

मग बुडबुडे एका जागी थांबले.

आधी त्याला वाटलं, पुंजका मोठा असेल. पण वर येणारा पाला थांबला, बुडबुडे दाट व्हायला लागले, एकावर एक, धापा टाकल्यासारखे. त्यानं दोरीकडे पाहिलं. पाण्यात शिरते तिथं दोरी थरथरली. दोनदा. थोडं थांबून पुन्हा दोनदा. सैल सोड. बायको तशीच बसून होती, पाठ ताठ, डोळे दूरच्या बुडबुड्यांवर, दोरी दोन्ही हातांत घट्ट. उलट तिनं हातभर दोरी वर घेतली, ढील राहू नये म्हणून. काळजी घेण्यात तिनं काही कसूर ठेवली नव्हती.

"सैल सोड!" पाणबुड्या वरून ओरडला.

तिनं वर पाहिलं नाही. "दोरीनं मागितलेलं नाही," ती म्हणाली.

हाही त्याचाच नियम. दोरीवरच्या माणसानं फक्त दोरीचं ऐकायचं, काठावरच्यांचं नाही. काठावरचे लोक घाबरतात आणि घाबरलेल्याच्या सांगण्यावरून दोरी हलली की खालचा मरतो. हे त्यानंच तिला लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात शिकवलं होतं आणि ती एकदाही चुकली नव्हती. आजही नाही.

तो लोखंडी शिडीवरून उतरायला लागला. "अहो, थांबा," साहेब म्हणाले, "तुम्हाला खाली परवानगी..." त्याचा डावा कान साहेबांकडे होता. शिडीचं खालचं पाऊल शेवाळलेलं होतं, तिथं त्याचा पाय सटकला आणि नडगी सोलली. तराफ्यावर उतरून तो बायकोच्या मागे गुडघ्यांवर बसला आणि तिच्या हातांच्या खाली दोरी धरली.

हिसके त्याच्या तळव्यात स्पष्ट उतरले. दोन. दोन. दोन बोटांचे, पोरीनं आईचे हात सोलू नयेत म्हणून दिलेले, अशा वेळीसुद्धा.

"काय करताय?" बायको दात आवळून म्हणाली. "सगळे बघताहेत."

त्यानं तोंड तिच्या कानाशी नेलं. "ती मागते आहे. मघापासून मागते आहे. तुझ्या बोटांना कळत नाही गं. मला ठाऊक आहे. मागच्या हिवाळ्यापासून मी हिसके दुप्पट देतोय."

 मग तिचे हात उघडले आणि दोरी तिच्या मांडीवरून सळसळत पाण्यात गेली.

बुडबुडे तसेच उकळत होते. खाली काय झालं ते दोघांनाही नंतर कळलं: जाळीला कुणाचं तरी जुनं मासेमारीचं जाळं अडकलं होतं, ते सिलिंडरच्या गळ्यात गुंतलं होतं, आणि वरून ताणलेली दोरी पोरीला मागे वळू देत नव्हती. आत्ता त्यांना फक्त बुडबुडे दिसत होते. पाणबुड्यानं बायकोच्या हातातून दोरी घेतली नाही. एक हात दोरीवर आणि एक तिच्या कोपराच्या वर ठेवून तो बसला.  तिच्या ओठांवर काहीतरी चाललं होतं, पण ते त्याच्या डाव्या कानाला ऐकू येण्यासारखं नव्हतं.

बुडबुडे विरळ झाले. मग थोडे बाजूला सरकले. मग दोरीत एक हिसका आला.

त्यानं तिच्या दंडावर एकदा दाबलं. "एक," तो म्हणाला. "ठीक आहे म्हणते."

तिनं खाली एक हिसका परत दिला, आणि मग कुठं श्वास सोडला.

साहेब शिडीच्या मध्यापर्यंत आले होते. "काय झालं?"

"काही नाही," पाणबुड्या म्हणाला. "दोरी गुंतली होती जरा."

"दोरी नव्हती गुंतली," बायको म्हणाली. ती साहेबांकडे नाही, पाण्याकडेच बघत होती, पण आवाज सगळ्यांना ऐकू जाईल असा होता. "पोरगी सैल सोड म्हणत होती, मला कळलं नाही. माझ्या बोटांना कळत नाही आता. यांना बसू द्या इथं."

साहेबांनी जमिनीकडे बघायची सवय म्हणून खाली पाहिलं, तर खाली पाणी. "बसा," ते म्हणाले. "पण तिला वर घ्या आता. राहिलेलं राहू दे."

बायकोनं तीन हिसके दिले. वर ये. खालून उत्तर आलं ते पाणबुड्यानं तिच्या दंडावर दाबलं. दोन.

"काय म्हणते?"

"सैल सोड म्हणते. काम राहिलंय म्हणते."

"तुमच्यावरच गेली आहे," ती म्हणाली, आणि रडता रडता तिनं हातभर दोरी सोडली.

दुपारपर्यंत जाळी मोकळी झाली. बेडकी वर आली तेव्हा तिच्या खांद्यावर जुन्या जाळ्याचा तुकडा होता आणि ओठ निळे पडले होते. "आई, किती वेळ लावलास गं," एवढंच ती म्हणाली, आणि आईनं तिला मास्कसकट छातीशी धरलं. चाकवाल्यानं किल्ली मागून घेतली. दरवाजा उघडला तेव्हा मनोऱ्याच्या पोटात पाणी जोरात शिरल्याचा आवाज झाला.

तिघं घरी आली. पोरगी जेवताना खूप बोलली, हसली, जाळ्यात सापडलेल्या माशाच्या सांगाड्याची नक्कल केली. चहा झाल्यावर ऊन उतरलं तेव्हा नवराबायको अंगणात बसले, आणि मग बायको सुरू झाली.

"इतके दिवस मनात ठेवलंत. पोरीला तशीच सोडलीत माझ्या हातात."

"चुकलं माझं," तो म्हणाला. "काल सांगायला आलो होतो."

"वाऱ्याचं सांगून गेलात."

"तू तरी कुठं सांगितलंस?"

"मला वाटलं, मला काढाल." ती आपले तळवे उलटसुलट करून बघत होती. "दोरीवरून काढाल आणि घरात बसवाल."

"काढून कुणाला बसवणार होतो? मला दुसऱ्या कुणाच्या हातात जीव देता येतो का?"

तिनं तळवे मांडीवर ठेवले. मग त्याला काहीतरी जाणवलं. ती त्याच्या उजव्या बाजूला बसली होती. काल मटार सोलताना समोर, डॉक्टरांकडून आल्यावर दगडावर उजवीकडे, आणि त्याच्याही आधी, ताटावर, तराफ्यावर, कितीतरी दिवस, उजवीकडेच.

"तू माझ्या उजव्या अंगाला कधीपासून बसतेस?" त्यानं विचारलं.

"मागच्या पावसाळ्यापासून," ती म्हणाली. "डावीकडून हाक मारली की तुम्ही ओ द्यायचं बंद केलंत, तेव्हापासून."

"आणि बोलली नाहीस?"

"तुम्ही बोललात?"

तो हसायला लागला. तिला हसू येत नव्हतं, पण मग आलं. दोन जुनी भांडी, दोन्हींना भोक, आणि दोघं मिळून पाणी भरायला निघालेली. मग तो उठला आणि वाळत घातलेली दोरी घेऊन आला.

"हात पुढे कर."

त्यानं दोरी तिच्या मनगटावर ठेवली आणि हलकेच ओढली. डोळे मिटून ती म्हणाली, "नाही." थोडी वर. "नाही." कोपराच्या खाली. "काहीतरी आहे." कोपराच्या वर, जिथं मघाशी त्यानं दाबलं होतं तिथं, एक वेढा घेऊन त्यानं पुन्हा ओढली.

"कळतं," ती म्हणाली. डोळे तसेच मिटलेले होते. "इथं कळतं हो."

"बेडके," त्यानं हाक मारली, "हे टोक घे आणि मागच्या खोलीत जा. दार लोटून घे. आणि हलका दे, तुझा नेहमीचा."

पोरगी हसत टोक घेऊन गेली. दोरी ओटी ओलांडून, स्वयंपाकघरातून, दाराच्या फटीतून आत गेली. बायको दंडाला वेढा घेऊन बसली आणि पाणबुड्या हात मागे बांधून बाजूला उभा राहिला, दोरीला न शिवता.

"एक," ती म्हणाली.

"बरोबर," आतून पोरगी ओरडली.

"दोन." तिनं थोडी दोरी सोडली.

"बरोबर."

मग बराच वेळ काही आलं नाही. झाडावरची पाखरं घरट्यांत परतली होती, त्यांचा कालवा चालू होता. पाणबुड्याला वाटलं, खेळ संपला, पोरगी दमून आडवी झाली असेल. बायकोनं मान थोडी कलती केली. दोरी हललेली त्याला दिसली नाही.

ती उठून उभी राहिली.

"काय म्हणते?" त्यानं विचारलं.

"तीन," ती म्हणाली. "वर ओढ म्हणते."

आतून पोरीचा आवाज येत नव्हता. पाण्याखाली आणि नंतरही दिवसभर न रडलेली पोर अंधाऱ्या खोलीत दोरीचं टोक धरून बसली होती, हे आईला दार न उघडताच कळलं. "आले गं," ती म्हणाली, आणि दोरी दंडावर गुंडाळत गुंडाळत आत गेली.